शून्य टीएचसीचं बियाणं, कडक गांजा आणि जीएम: नेमकं काय बदललं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याच्या मित्राची उत्तराखंडात अल्मोड्याजवळ जमीन आहे आणि तिथे परवाना काढून हेम्प, म्हणजे मुख्यतः बी-धाग्यासाठी लावतात ती कमी नशेची भांग, लावायचा विचार चालू आहे. बियाणं विकणारा म्हणतो, "हे जीएम (जनुकीय बदल केलेलं) आहे, टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) शून्य, कायद्याची काही भानगड नाही." दुसरीकडे सगळीकडे ऐकू येतं की हल्लीचा गांजा पूर्वीपेक्षा कितीतरी कडक झालाय, तो जीएममुळेच. मग जीएमने नशा वाढवली की घालवली? आणि निवड करून वाण तयार करणं आणि जनुकीय बदल करणं यात मुळात फरक काय?

मी पिकांची वाणं तयार करणारा पैदासकार आहे. सुरुवात विदर्भात कपाशीवर केली, आता बरीच वर्षं कॅनडात सस्कॅचेवानमध्ये हेम्पच्या वाणांवर काम करतो. इथे हेम्प मुख्यतः बियांसाठी लावतात.

आधी व्यवहाराचं बोलू. ते बियाणं घेऊ नका. भारतात शेतकऱ्याच्या शेतात कायदेशीरपणे उभं असलेलं जीएम पीक एकच, बीटी कपाशी. हेम्प किंवा गांजाच्या कुठल्याही जीएम वाणाला मान्यता नाही. म्हणजे विक्रेता एक तर खोटं बोलतोय, किंवा खरं बोलत असेल तर परवानगी नसलेलं बियाणं तुमच्या गळ्यात मारतोय. 'भानगड नाही' हे तर साफ चुकीचं आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात कॅनाबिस प्रजातीतलं कुठलंही झाड येतं. त्यात टीएचसी किती आहे, ते निवडीने कमी केलं की प्रयोगशाळेत, हे ती व्याख्या विचारतच नाही. राज्य सरकारच्या परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ पासून औद्योगिक हेम्पला परवाने द्यायला सुरुवात केली, तीसुद्धा ०.३ टक्के टीएचसीच्या मर्यादेत.

आता कडक गांजाचं. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात जप्त मालाचे नमुने वर्षानुवर्षं तपासले जातात. १९९५ साली त्यात सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास टीएचसी मिळत होतं, २०१४ साली १२ टक्क्यांच्या आसपास. वीस वर्षांत तिप्पट. या वाढीत बाहेरून घातलेलं एकही जनुक नाही. त्या काळात या झाडात जनुक घालून त्यातून धड उभं झाड मिळवणं जवळजवळ कुणालाच जमलेलं नव्हतं. ही सगळी वाढ माणसाने झाडं निवडून, नर उपटून आणि कलमं करून घडवली.

हे झाड नर वेगळं, मादी वेगळी अशा जातीचं. राळ, म्हणजे नशेचं द्रव्य असलेला चिकट स्राव, असते ती मुख्यतः मादीच्या फुलोऱ्यावर. मादीला पराग मिळाला की ती बी भरायला लागते. मिळाला नाही तर फुलोरा वाढत राहतो आणि राळही साठत जाते. हे कॅलिफोर्नियात कुणी शोधलेलं नाही. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या शेतांचं वर्णन आहे. तिथे 'गांजा डॉक्टर' म्हणून ओळखले जाणारे जाणकार शेतात ओळीने फिरून कोवळ्या वयातच नर झाडं ओळखून काढून टाकत. हे कसब सोपं नाही. फुलं उमलण्याआधी पेराच्या बगलेत बघावं लागतं: नराला देठावर बारीक गोल कळी असते, मादीला दोन पांढरे केस बाहेर डोकावतात. पाच-सहा दिवस उशीर झाला की नर फुटतो आणि अख्ख्या शेतात बी धरतं. आम्ही बीजोत्पादनात आजही भेसळ काढतो ती हीच नजर वापरून.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोकांनी अफगाणिस्तानच्या बुटक्या, लवकर पिकणाऱ्या, राळेने माखलेल्या झाडांचा मेक्सिको आणि कोलंबियाच्या उंच झाडांशी संकर केला. 'स्कंक नंबर १' नावाचं प्रसिद्ध वाण त्यातलंच. पुढे तो माल हॉलंडला गेला. दिव्यांखाली, बंद खोलीत लागवड सुरू झाली. खोलीत उंच झाड चालत नाही, सहा महिने थांबणंही परवडत नाही, आणि लपवून विकायचं तर थोड्या वजनात जास्त नशा हवी. निवड त्याच दिशेने झाली. माझ्या मते आजच्या कडक गांजाचा खरा पैदासकार बंदीचा कायदा आहे. उघड्यावर, वजनावर विकलं जाणारं पीक असतं तर कुणी इतक्या हट्टाने टीएचसीमागे लागलं नसतं.

यातला एक धागा भारतात येतो आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. बाजारात फक्त मादी झाडं देणारं बियाणं मिळतं, त्याला लोक हमखास जीएम समजतात. ते जीएम नाही. मादी झाडावर चांदीच्या क्षाराचं द्रावण फवारलं की झाडातल्या इथिलीन या संप्रेरकाचं काम अडतं आणि त्याच मादीला पराग देणारी नर फुलं येतात. तो पराग दुसऱ्या मादीवर टाकला की बियांमधून जवळजवळ सगळ्या मादीच निघतात, कारण नर ठरवणारं वाय गुणसूत्र त्यात आलेलंच नसतं. सिल्व्हर नायट्रेट आणि सिल्व्हर थायोसल्फेटने हे कसं घडतं, याचा महत्त्वाचा शोधनिबंध १९८२ साली एच. वाय. मोहन राम आणि आर. सेट्ट यांनी प्रसिद्ध केला. मोहन राम दिल्ली विद्यापीठातले नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. आज जगभर मादी बियाण्याचा जो धंदा चालतो तो याच तत्त्वावर उभा आहे.

निवडीने एका बाजूला ओढलं की दुसरी बाजू रिकामी होते, हेही त्याच जप्त नमुन्यांत दिसतं. टीएचसी वाढत असताना सीबीडी (याच झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य) घटत गेलं आणि २०१४ पर्यंत ते ०.१५ टक्क्यांच्या खाली आलं. हे का झालं ते समजलं तर निवड आणि जीएम यांतला फरक आपोआप समजेल, म्हणून इथे थोडं थांबतो.

झाड आधी सीबीजी नावाचं मूळ द्रव्य बनवतं. त्यावर दोन एन्झाइमं (रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं) टपलेली असतात. एक त्याचं टीएचसी करतं, दुसरं सीबीडी. (झाडात ही आम्लाच्या रूपात असतात, सोपेपणासाठी तो भाग सोडतो.) २००३ साली एटिएन द मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुठलं एन्झाइम चालणार हे वारशात जणू एकाच जागेवर ठरतं. आईकडून टीएचसीवालं आणि बापाकडून सीबीडीवालं आलं तर झाडात दोन्ही असतात. अशा झाडांची पुढची पिढी काढली की चारांत एक निव्वळ टीएचसीचं, दोन मिश्र, एक निव्वळ सीबीडीचं. मेंडेलच्या वाटाण्यासारखंच १:२:१. नशेसाठी निवड करणारा माणूस नकळत एकाच बाजूची झाडं ठेवत गेला आणि सीबीडी वाहून गेलं.

पण ज्याला नशा नकोय, त्याच्यासाठी हाच नियम देणगी आहे. रोपं दोन-तीन आठवड्यांची झाली की प्रत्येकाच्या पानाचा टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा तुकडा कापायचा, ९६ खळग्यांच्या ताटलीत एकेक टाकायचा, डीएनए चाचणी करायची. कुठल्या रोपात कुठलं जनुक आहे ते संध्याकाळपर्यंत कळतं. टीएचसीवालं जनुक असलेली रोपं उपटून टाकायची. फुलोऱ्याची वाट बघावी लागत नाही, नराचीही निवड करता येते. या कामात प्रयोगशाळा आहे, डीएनए आहे, यंत्रं आहेत, तरी हे जीएम नाही. आपण झाडात काहीच घातलेलं नाही, फक्त काय आहे ते वाचून निवड केली.

नराची निवड हा या पिकातला जुना पेच. मादीचं बी मोजता येतं, पण नर पराग उधळून मोकळा होतो आणि त्याचा धागा किती होता ते कापल्यावर कळतं. जर्मनीत गुस्ताव ब्रेडेमान यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर तोड काढली: फुलण्याआधी नराचं खोड उभं चिरायचं, अर्ध्या खोडातला धागा मोजायचा, उरलेल्या अर्ध्यावर झाड जगू द्यायचं. धागा भरपूर असेल तोच नर पराग टाकायला ठेवायचा, बाकीचे कापायचे. काही दशकांत धाग्याचं प्रमाण दुपटीहून जास्त वाढलं. ब्लेड, तराजू आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर हे झालं. अर्थात त्यात मोबदलाही द्यावा लागला: वाढलेल्या धाग्यात आखूड, हलक्या प्रतीच्या धाग्याचा वाटा मोठा होता. एका गुणावर नजर खिळवली की असं होतंच.

मग जीएम लागतं कुठे? निवडीची मर्यादा अशी की झाडाच्या जातीत जे कुठेच नाही ते निवडता येत नाही. बीटी कपाशीत बोंडअळीला मारणारं प्रथिन मातीतल्या जिवाणूचं आहे. कपाशीच्या कुठल्याही झाडात ते सापडलं नसतं, कितीही शेतं तुडवली तरी. तिथे जनुक घालण्याला पर्याय नव्हता. टीएचसी कमी करायला मात्र बाहेरून काही आणायची गरजच नाही.

याचा पुरावा म्हणून एकाच गुणाच्या दोन कहाण्या सांगतो. १९८७ साली फ्रेंच संशोधकांनी हेम्पमध्ये अशी काही झाडं सापडल्याचं जाहीर केलं, ज्यांच्यात सीबीजीचं पुढे काही होतच नव्हतं. दोन्हींपैकी एकही एन्झाइम निसर्गतःच धड चालत नव्हतं, त्यामुळे टीएचसी नगण्य. फ्रेंच पैदासकारांनी त्यातून 'सँटिका' नावाची वाणं काढली आणि ती युरोपात शेतकऱ्यांच्या शेतात लागली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांनी जनुकात बदल करून टीएचसी घटवलेलं हेम्प तयार केलं, आणि २०२३ साली तिथल्या कृषी खात्याने कीड किंवा तण म्हणून त्याचा जास्तीचा धोका नाही असा निर्णय दिला. एक गुण शेतात शोधून मिळाला, दुसरा जनुकावर हात ठेवून घडवला. नशेचं एन्झाइम बंद पाडण्यापुरतं बोलायचं तर निसर्गाने ते काम आधीच करून ठेवलं होतं. ते हेरणारा डोळा हवा होता.

तरीही जनुक संपादनाला, म्हणजे झाडाच्याच जनुकात नेमका बदल करण्याला, मी कमी लेखत नाही, कारण सीबीडीच्या पिकात निवड एका भिंतीला अडते. सीबीडी बनवणारं एन्झाइम चोख नाही. ते काम करता करता थोडं टीएचसीही सांडतं, साधारण वीस-तीस भाग सीबीडीमागे एक भाग. म्हणजे टीएचसीचं जनुक पूर्ण काढलं तरी फुलोऱ्यात सीबीडी साडेसात टक्क्यांच्या आसपास गेलं की टीएचसी ०.३ च्या रेषेला टेकतं. अमेरिकेत हेम्पला कायदेशीर ठरवणाऱ्या २०१८ च्या फार्म बिल कायद्यानंतर सीबीडीसाठी हेम्प लावणाऱ्या कित्येकांचं पीक याच कारणाने मर्यादेबाहेर गेलं. शेतकऱ्याला वाटलं बियाण्यात फसवणूक झाली. काही ठिकाणी झालीही असेल, पण पुष्कळदा एन्झाइमचा स्वभावच आड आला. इथे कितीही पिढ्या निवड करा, ते प्रमाण फारसं हलत नाही. एन्झाइमची घडणच बदलली तर हलेल, आणि ते काम संपादनाचं. (०.३ हा आकडासुद्धा कुठल्या नशेच्या अभ्यासातून आलेला नाही. अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ साली वनस्पतींचं वर्गीकरण करताना सोयीची रेघ म्हणून तो वापरला. आज त्या रेघेवर शेतकऱ्यांची पिकं नष्ट होतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.)

तुम्हाला सीबीडी काढायचं नसेल, बी किंवा धागा हवा असेल, तर ही भिंत तुमच्या वाटेत येतच नाही. त्या वाणांत सीबीडी मुळातच एक-दोन-तीन टक्के असतं.

आता हे झाड जीएमला इतकं का दाद देत नाही? जनुक आत घालणं हा सोपा भाग, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू ते करतो. अवघड भाग असा की ज्या एका पेशीत जनुक गेलं तिच्यापासून अख्खं झाड उगवायला हवं. तंबाखू हे आनंदाने करते. गांजाच्या पेशींचा गोळा वाढतो, हिरवट होतो, मुळंही फुटतात, पण कोंब येता येत नाही. २००३ साली कॅनडात फीनी आणि पुंजा यांनी हेम्पच्या पेशींत जनुक घातलं, पण त्यातून झाड मिळालं नाही. क्रिस्पर हे जनुक संपादनाचं तंत्र वापरून संपादित केलेलं उभं झाड २०२१ साली जाहीर झालं, तेही कोवळ्या भ्रूणापासून सुरुवात करून. त्यात जे जनुक बंद केलं होतं त्यामुळे रोपं पांढरीफटक निघाली. पद्धत चालते हे डोळ्यांना दिसावं म्हणून ते जनुक निवडलं होतं.

समजा, एका झाडात बदल झाला. पुढे काय? इथे कपाशीचा अनुभव कामाचा आहे. बीटी जनुक आधी 'कोकर' नावाच्या अमेरिकन कपाशीत घातलं गेलं, कारण ती प्रयोगशाळेत सहज वाढते. ती कपाशी विदर्भाच्या कोरडवाहूत काय टिकणार? म्हणून मग आपल्या संकरित वाणांच्या नर-मादी ओळींत वारंवार संकर करून ते जनुक उतरवलं आणि २००२ साली पहिली बीटी वाणं आली. म्हणजे जीएम वाणातही जनुक एक आणि बाकी सगळी जुनी पैदास. कपाशीला हे सोसतं, कारण ती बऱ्याच अंशी स्वतःचाच पराग घेते. हेम्प परागासाठी वाऱ्यावर अवलंबून, प्रत्येक बी वेगळं. जवळच्या नात्यात दोन-चार पिढ्या संकर केला की झाड खुजं होतं, बी घटतं. हेम्पचं वाण म्हणजे हजारो भिन्न झाडांची वस्ती असते. एका झाडातला बदल त्या वस्तीत सगळीकडे पोचवायचा आणि वस्तीचा जोमही राखायचा, हे काम पुन्हा पैदासकाराच्याच अंगावर येतं.

आणि पराग. मोरोक्कोतल्या गांजाच्या शेतांमधला पराग समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनच्या हवेत सापडल्याची नोंद १९९० च्या दशकातली आहे. आम्ही बीजोत्पादनात विलगीकरण अंतर (दुसऱ्या वाणापासून शेत किती लांब ठेवायचं ते) किलोमीटरमध्ये मोजतो. कुमाऊँ-गढवालच्या उतारांवर भांग रानात आपोआप उगवते. लोक तिच्या बियांची चटणी करतात, खोडाच्या सालीपासून दोर आणि जाडंभरडं कापड काढतात. ती वस्ती म्हणजे या पिकाची अमूल्य जनुक-ठेव आहे. तिच्याशेजारी जीएम हेम्प लावलं तर ते जनुक रानात जाणारच. म्हणून हिमालयात जीएम हेम्प नको, हे माझं ठाम मत आहे. परागाची अडचण सोडवायची तर तिप्पट गुणसूत्रांची, जवळजवळ बीच न धरणारी झाडं काढता येतात, कलिंगडात करतात तशी. पण ती फुलोऱ्याच्या पिकाला उपयोगी, बियांच्या नाही.

कायद्याची आणखी एक बाजू. २०२२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने, बाहेरचं जनुक शिल्लक नसलेल्या संपादित पिकांच्या काही प्रकारांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि २०२५ साली 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १' ही संपादित भाताची दोन वाणं जाहीरही झाली. उद्या कुणी तुम्हाला 'हे जीएम नाही, एडिटेड आहे, चालतं' असं सांगेल. भाताला जी सूट उपयोगी पडली ती हेम्पला अर्धीच उपयोगी आहे, कारण एनडीपीएस वेगळा कायदा आहे आणि तो तिथेच उभा असतो.

मग लावायचं काय? युरोपातलं चांगलं नाव असलेलं वाण मागवायचा मोह होईल. थांबा. ती वाणं पन्नास अंश अक्षांशाच्या लांब दिवसांत निवडलेली आहेत. अल्मोडा तिशीच्या खाली-वर. तिथला दिवस आखूड पडल्याने ती लवकर फुलावर येतात, झाड गुडघा-कंबरेएवढं राहतं, धागाही नाही आणि बीही नाही. उलट स्थानिक भांग त्या दिवसमानाला, त्या पावसाला सरावलेली आहे. तिची अडचण एकच: टीएचसी बरेचदा ०.३ च्या वर जातं. म्हणून काम स्थानिक बियाण्यात वर सांगितलेली पानाची चाचणी करून टीएचसीवाली रोपं काढून टाकण्याचं आहे. हे एका वर्षात होत नाही, आणि एकट्या शेतकऱ्याने करायचंही नाही. जम्मूची आयआयआयएम ही सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची संस्था कॅनाबिसवर परवान्याखाली काम करते. राज्याच्या कृषी विद्यापीठांशीही बोला.

बियाणं कुणाकडूनही घ्या, तीन गोष्टी लेखी मागा: आई-बापाच्या वाणांची नावं, बीजोत्पादनाचं विलगीकरण अंतर, आणि त्याच वाणाचा तुमच्या अक्षांशाजवळच्या शेतातला टीएचसी अहवाल. परदेशातल्या अहवालावर जाऊ नका. नमुना कापणीच्या तोंडावर, फुलोऱ्याच्या शेंड्यांचा घ्यायला लावा. कोवळ्या झाडाचा आकडा नेहमीच गोड येतो आणि पीक पक्व होताना तो वर चढतो. पहिल्या वर्षी थोड्या गुंठ्यांवर लावा, परवाना मात्र तेवढ्यासाठीही आधी काढा, आणि रानातली भांग आसपास फुलत असेल तर त्या शेतातलं बी पुढच्या वर्षी पेरायला ठेवू नका. ते खायच्या बाजारात जाऊ द्या. हेम्पचं बी आणि तेल अन्न म्हणून विकायला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, तेव्हा त्यांच्या टीएचसी मर्यादेत बसलं की ते वाया जाणार नाही.